पोळा ते संक्रांत : खेड्यात राहून हाफ मॅरेथॉनची तयारी

हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. आमच्या गावाहून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बसस्थानकापर्यंत जाऊन परत यायचे म्हटले, तर जवळपास एवढाच रस्ता पडतो, आणि बाजाराच्या दिवशी तो पायी तुडवलेली माणसे गावात आजही आहेत. त्यामुळे नुसते अंतर ऐकून दचकण्याचे कारण नाही. आकड्यामागचा तो विचित्र अपूर्णांक लंडनहून आला आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची धावली गेली, १९२१ मध्ये तेच अंतर अधिकृत ठरले आणि त्याचे निम्मे म्हणजे हाफ.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय बेचाळीस आहे आणि धावायला लागले ती एकोणचाळिसाव्या वर्षी. पहिली हाफ मॅरेथॉन मी २ तास ३२ मिनिटांत, शेवटचे सहा किलोमीटर निम्मे चालत, कशीबशी पूर्ण केली. पुढच्या जानेवारीतील दुसरी २ तास १९ मिनिटे ४० सेकंदांत झाली. बारा मिनिटांचा हा फरक मला इतका अनपेक्षित होता की प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत घड्याळच चुकले असावे असे वाटत राहिले. घरी येऊन सरावाची वही काढून बसले, तेव्हा लक्षात आले की ती वेळ वहीत महिनाभर आधीपासून लिहिलेली होती. मला ती वाचता आली नव्हती, इतकेच. पहिल्यांदा धावणाऱ्यांनी, विशेषतः खेड्यात राहून शेती, घर आणि नोकरी सांभाळत धावणाऱ्यांनी, काय क्रमाने करावे हे त्या वहीच्या आधारे येथे मांडते आहे.

आधी दोन तपासण्या

बूट घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिन पाहावेच. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय समजला जातो. स्नायूंपर्यंत प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिनचे असल्याने ते कमी असताना सरावाने दम वाढत नाही, उलट थकवा साठत जातो आणि बाई आपल्यातच काही कमी आहे असे समजून स्वतःला दोष देत बसते. माझे १०.४ निघाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि जेवणाला लागून होणारा चहा तास-दीड तास पुढे ढकलला, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. गोळ्यांपेक्षा चहा सोडणे मला अधिक जड गेले, हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसरी तपासणी सिकलसेलची. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात, त्यातही पूर्व विदर्भात, पुष्कळ आढळतो. वाहक असलेल्या, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या, माणसाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. परंतु उन्हात, शरीरातील पाणी कमी झालेले असताना एकाएकी फार जोर लावला, तर वाहकालाही गंभीर धोका संभवतो. वाहक आहात म्हणून धावणे सोडण्याची गरज नाही. मात्र सराव हळूहळू वाढवावा, पाण्याची हयगय करू नये आणि पाय एकदम गळून गेल्यासारखे वाटले तर ‘आणखी थोडेच’ असे न म्हणता तिथेच थांबावे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, किंवा रक्तदाब, मधुमेह अथवा छातीत दुखण्याचा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा परिच्छेदही वाचू नये.

पोळा ते दसरा : चालण्यातून धावण्यात

विदर्भातील हवामान पाहता शर्यत डिसेंबर-जानेवारीतली निवडावी आणि तयारी पोळ्याच्या सुमारास सुरू करावी. पोळा ते दसरा हे साधारण सहा आठवडे पायाभरणीसाठी मिळतात आणि दसरा ते संक्रांत हे तेरा-चौदा आठवडे खऱ्या सरावासाठी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांदण रस्त्यावर पाय ठेवण्याची सोय नसते. काळ्या मातीचे असे लपके तळव्याला चिकटतात की प्रत्येक बूट किलोभराचा होतो. म्हणून या काळात डांबरी रस्ता किंवा शाळेचे मैदान बरे. आमच्या मैदानाची एक फेरी १६० मीटरची आहे. पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुलांनी ती दोरीने मोजून ठेवली आहे, दहा फेऱ्या म्हणजे बरोबर १६०० मीटर.

सुरुवात अशी करावी : एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि हे अर्धा तास चालू ठेवावे. आठवड्यातून चार दिवस पुरेत. दर आठवड्याला धावण्याचा तुकडा थोडा वाढवावा आणि चालण्याचा कमी करावा, म्हणजे दसऱ्यापर्यंत न थांबता पाच किलोमीटर जमू लागतात. धावणे आणि चालणे ठरवून आलटून-पालटून करण्याची ही पद्धत १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली, आणि संपूर्ण हाफ मॅरेथॉनही तिने पूर्ण करता येते. चालणे म्हणजे हार असे मानण्याचे काही कारण नाही. ठरवून चालणे आणि दमून चालणे यांत फार अंतर आहे.

इथे गावातल्या भरतीच्या मुलांविषयी एक सूचना करावीशी वाटते, कारण नवखा माणूस पाहून पाहून त्यांच्यासारखाच पळू लागतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ते धावणे काही मिनिटांत जीव ओतून संपवायचे असते. आपले काम दोन-अडीच तासांचे आहे. त्या मुलांच्या मागे लागून मी पहिल्या महिन्यात पिंढऱ्या इतक्या आखडून घेतल्या की वर्गात फळ्यापाशी उभे राहणे कठीण झाले होते.

मग हळू म्हणजे किती हळू? धावताना पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. मी शाळेतली प्रतिज्ञा म्हणते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक वाक्यानंतर एकच श्वास घेऊन, मोठ्याने म्हणता आली तर वेग बरोबर आहे. मध्येच धाप लागली तर वेग जास्त आहे. रस्त्याकडेच्या वावरातून एका आजींनी हे ऐकले आणि विचारले, ‘‘मॅडम, मांगं कोनी लागलं का जी? का पोरायले शिकवाले चालल्या?’’ हसू येते, पण या कसोटीला पैसे लागत नाहीत आणि ती घड्याळापेक्षा खरी आहे. आठवड्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक धावणे याच वेगाने व्हावे. असल्या सावकाश धावण्यामुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढते आणि चरबीतून ऊर्जा काढण्याची शरीराची क्षमता सुधारते. ही कामे घाईने होत नाहीत.

रस्ता, सोबत आणि कुत्री

शहरात लिहिलेल्या मार्गदर्शनात हा भाग नसतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

वाहने डावीकडून चालतात, म्हणून धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. कापसाने ओसंडलेले ट्रॅक्टर आणि बंड्या डिसेंबरात पहाटेपासूनच जिनिंगच्या वाटेला लागलेल्या असतात. ट्रॉलीवरच्या कापसाचा फुगारा रस्त्याच्या कडेपर्यंत येतो आणि चालकाला मागचे काही दिसत नाही. अशा वेळी सरळ कडेला उतरून थांबावे. अंगावर फिकट रंगाचे कपडे आणि एक चमकणारी पट्टी असावी. जंगलाला लागून असलेल्या गावांत, म्हणजे ताडोबा, ब्रह्मपुरी किंवा आमच्याकडच्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला, उजाडण्याआधी घराबाहेर धावायला जाऊच नये. वाघ-बिबट्याचे सोडा, तुरीतून बाहेर पडणारे रानडुक्करही पुरेसे आहे. दोन्ही बाजूंना उंच तूर असलेला रस्ता मी अंधारात कधीच घेत नाही.

कुत्रे अंगावर आले तर पळू नये. थांबावे, त्याच्याकडे तोंड करावे, वाकून गोटा उचलल्यासारखे करावे आणि चालत पुढे जावे. बहुतेक कुत्री तेवढ्यावर माघार घेतात. चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. हळद-चुना काहीही भरू नये.

बायकांनी सोबत शोधावी. मी पहिले तीन महिने एकटी निघत असे आणि घरचे मोटारसायकलने मागे येत असत, ते दोघांनाही कंटाळवाणे झाले. मग भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली सोबत आल्या. त्यांचे ८०० मीटर आणि माझे आठ किलोमीटर यांची सांगड अशी बसली की मी जाताना त्या माझ्यासोबत हळू येत आणि परतीला मैदानावर आपला वेगाचा सराव करीत.

अंतर मोजायला फोनचे ॲप चालते, पण नेटवर्क आणि बॅटरी या दोन्हींची खात्री नसेल तर मैलाचे दगड आहेतच. ग्रामीण रस्त्यावर नारिंगी डोक्याचा, राज्य महामार्गावर हिरव्या आणि राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचा दगड असतो. दगड झुडपात हरवला असेल तर मोटारसायकलचे मीटर पाहून झाडाला चुन्याची खूण करावी. आमच्या रस्त्यावर पाचव्या किलोमीटरला बाभूळ आहे आणि सातव्याला एका विहिरीचे मोडके इंजिनघर.

बूट आणि कपडे

बूट हा एवढाच खर्च टाळू नये. नागपूर, अमरावती किंवा वर्ध्याला गेलात की संध्याकाळच्या वेळी, पाय थोडे सुजलेले असताना, घालून पाहावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर पंधराव्या किलोमीटरनंतर नखे काळी पडतात. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. कापसाच्या मुलखात राहून हे सांगायला संकोच वाटतो, पण धावताना सुती मोजे नकोत. सुती कापड घाम धरून ठेवते, ओले मोजे घासतात आणि फोड येतात. काखेत, मांडीला आणि कपड्याच्या शिवणी लागतात तिथे व्हॅसलीन चोळावे. स्त्रियांनी घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा घ्यावी. बाकी सलवार-कुडता घालून धावता येते, मी दीड वर्ष तशीच धावले.

दसरा ते संक्रांत : चौदा आठवडे

आठवड्यात चार दिवस धावावे. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर सावकाश, गुरुवारी तेवढेच पण मध्ये थोडे वेगाचे तुकडे, शनिवारी चार किलोमीटर अगदी हलके, आणि रविवारी लांब पल्ला, ज्याला सगळे धावणारे लाँग रन म्हणतात. खरी तयारी रविवारी होते. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या वहीत रविवारचे किलोमीटर क्रमाने असे आहेत : ७, ८, ९, ७, १०, ११, १३, ९, १४, १५, १६, १८, ११ आणि मग शर्यत. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलेले दिसेल. शरीर सरावाने नाही, सरावानंतरच्या विश्रांतीत मजबूत होते, आणि ती विश्रांती आपण ठरवून दिली नाही तर दुखापत ती वसूल करते. पूर्ण २१ किलोमीटर सरावात धावण्याची गरज नसते. अठरा जमले की उरलेले तीन शर्यतीच्या दिवशी निघतात.

गुरुवारचे वेगाचे तुकडे पहिले पाच आठवडे करूच नयेत. त्यानंतर दोन किलोमीटर सावकाश धावून, मग चार मिनिटे नेटाने आणि दोन मिनिटे हळू, असे चार वेळा करावे. नेटाने म्हणजे प्रतिज्ञेचे एकच वाक्य म्हणता येईल इतक्या वेगाने. जीव तोडून नव्हे.

शेतात राबणाऱ्यांनी एक हिशेब निराळा ठेवावा. दिवसभर कापूस वेचणाऱ्या किंवा ओलिताला रात्री जागणाऱ्या माणसाचे पाय आधीच कामाला लागलेले असतात, आणि कुठल्याही छापील तक्त्यात ते धरलेले नसते. वेचणीचा जोर असेल त्या आठवड्यात मंगळवार आणि शनिवार खुशाल सोडावेत, फक्त रविवार सोडू नये.

पायऱ्यांवर टाचा वर-खाली करणे, उठाबशा, एका पायावर उभे राहून दात घासणे, हे आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे केले तरी टोंगळे, म्हणजे गुडघे, पुष्कळ वाचतात. दुखण्याबाबत माझा नियम असा : दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर तो सराव, एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, किंवा त्यामुळे चाल बदलत असेल, तर धावणे बंद.

वही

मी सरावाची नोंद उरलेल्या टाचणवहीत करते. रकाने पाच : तारीख, अंतर, वेळ, हवा आणि दम. दमाच्या रकान्यात मुलांना देतो तशी श्रेणी : ‘अ’ म्हणजे प्रतिज्ञा सहज म्हणता आली, ‘ब’ म्हणजे अडखळत, ‘क’ म्हणजे नाहीच. महिना झाल्यावर ही वही आडवी न वाचता उभी वाचावी, म्हणजे फक्त ‘अ’ दमाच्या ओळी निवडून त्यांतील वेळा एकाखाली एक पाहाव्यात. ऑक्टोबरमध्ये ‘अ’ दमात मला किलोमीटरला आठ मिनिटे दहा सेकंद लागत होती. डिसेंबरच्या मध्यावर त्याच दमात सात मिनिटे वीस सेकंद. किलोमीटरला लागणाऱ्या या वेळेला धावणारे ‘पेस’ म्हणतात.

यातील सगळा फरक सरावाचा नसतो, काही थंडीचाही असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीराला थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त कातडीकडे वळवावे लागते, त्यामुळे तोच वेग ठेवायला हृदयाला अधिक ठोके मारावे लागतात. थंडी पडली की ते रक्त पायांना मिळते. म्हणून ऑक्टोबरमधल्या वेळा पाहून निराश होऊ नये आणि त्या गाठण्यासाठी जोरही लावू नये.

शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एका गुरुवारी वेगाच्या तुकड्यांऐवजी दहा किलोमीटर मनापासून धावून वेळ घ्यावी. त्या वेळेला २.२ ने गुणले की हाफ मॅरेथॉनचा अंदाज येतो. लांब पल्ल्याचा सराव कमी असेल तर त्यात पाच-सात मिनिटे मिळवावीत. माझे दहा किलोमीटर ६४ मिनिटांत झाले होते. ६४ गुणिले २.२ म्हणजे जवळपास १४१ मिनिटे, म्हणजे २ तास २१ मिनिटे. हा गुणाकार मी त्या दिवशी केलाच नाही. वहीत ६४ समोर प्रश्नचिन्ह टाकले आणि ‘बाभळीची खूण चुकली असावी’ असे लिहून ठेवले. तिसरी-चौथीच्या मुलांना गुणाकाराचा ताळा करायला लावणाऱ्या बाईने असे करावे, याला काय म्हणावे!

अंदाज आला की पेस ठरवता येतो. अडीच तासांसाठी किलोमीटरला ७ मिनिटे ७ सेकंद, सव्वादोन तासांसाठी ६ मिनिटे २४ सेकंद आणि दोन तासांसाठी ५ मिनिटे ४१ सेकंद लागतात. पहिल्या शर्यतीत मात्र वेळेचे ध्येय ठेवू नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे.

खाणे-पिणे

महागड्या पाकिटांची गरज नाही. तासाभराहून अधिक धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळावीत असे साधारण मानले जाते. पंधरा ग्रॅम गुळाचा खडा म्हणजे त्यातले सुमारे चौदा ग्रॅम, शिवाय एक केळे म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम, हिशेब जमतो. पहिला खडा पाऊण तासाने, भूक लागण्याआधी, तोंडात टाकावा आणि वर पाण्याचे दोन घोट घ्यावेत. राजगिऱ्याचा लाडू मला चालला नाही, घशात अडकला. संत्र्याच्या फोडी वाटेवर कोणी दिल्या तर मोह होतो, पण धावताना त्या पोटाला मानवतात की नाही हे आधी सरावात पाहावे.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. कमी पिणे वाईट, आणि भीतीपोटी प्रत्येक थांब्यावर ग्लासभर पिणेही वाईट, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लाँग रनला ओआरएसचे पाकीट पुडीवर लिहिलेल्या मापाने कालवून न्यावे. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

शर्यतीच्या आदल्या रात्री वरण-भात, पोळी, थोडे तूप. तर्रीचे पोहे आणि सावजी हे दुसऱ्या दिवशी दुपारी.

शेवटचे दोन आठवडे आणि तो दिवस

शेवटच्या दोन आठवड्यांत धावणे आधी एक-तृतीयांशाने आणि मग निम्म्याने कमी करावे, दिवस मात्र तेवढेच ठेवावेत. याला टेपर म्हणतात. या काळात पाय जड वाटतात, काहीतरी विसरल्यासारखे होते आणि नवखा माणूस घाबरून शेवटच्या रविवारी वीस किलोमीटर धावून येतो. त्या वेळी केलेल्या मेहनतीचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. शर्यतीच्या दिवशी नवे काहीच नको : नवे बूट नको, नवा नाश्ता नको.

खेड्यातून जाणाऱ्याने शक्य असेल तर आदल्या रात्री शहरात मुक्काम करावा. बिब क्रमांक छातीवर लावून, वेळ मोजणारी चिप असेल तर ती तपासून, तासभर आधी मैदानावर पोहोचावे आणि पोहोचल्याबरोबर पहिले काम स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहण्याचे करावे. हे मी अनुभवाने सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या दुसऱ्या शर्यतीत बायकांसाठी दोनच फिरती स्वच्छतागृहे होती, त्यातल्या एकाचे दार लागत नव्हते, आणि दाराला आतून ओढणी बांधून धरण्याची युक्ती पुढची प्रत्येक बाई मागचीला शिकवत होती. माझा नंबर आला तेव्हा शर्यत सुटल्याचा आवाज झाला. बाहेर आले तर सुरुवातीची कमान रिकामी, आणि समोर दूरवर गर्दीची पाठ. सव्वाचार मिनिटे गेली होती. वर्षभराची तयारी रांगेत वाया गेली म्हणून डोळ्यांत पाणीच आले.

पुढे गाठले ते पाच किलोमीटरवाल्यांचे शेपूट. कोणी लेकरांना कडेवर घेऊन चालत होते, कोणी फोटो काढत होते, आणि त्यांतून वाट काढताना वेग घेणे शक्यच नव्हते. पहिले तीन किलोमीटर सात मिनिटे पाच सेकंदांच्या आसपासच्या पेसने गेले. आदल्या वर्षी मी याच तीन किलोमीटरांत साडेसहाच्या पेसने उधळले होते. थंडी होती, पूर्ण बाह्यांचा सदरा होता, घड्याळ बाहीखाली होते आणि आता वेळ गेलीच आहे म्हणून ते पाहिलेही नाही. गर्दी सरल्यावर पाय आपोआप मोकळे झाले. बाराव्या किलोमीटरला सवयीने प्रतिज्ञा म्हणून पाहिली, ती शेवटपर्यंत म्हणता आली. सोळाव्याला रस्त्याच्या कडेने माणसे कमरेवर हात ठेवून चालताना दिसू लागली, आणि आदल्या वर्षी मी नेमकी इथेच, एका टायर दुरुस्तीच्या दुकानासमोर, अशीच चालू लागले होते हे आठवले. अठराव्याच्या फलकाजवळ पहिल्यांदा बाही वर केली. घड्याळात दोन तास नुकतेच पुरे झाले होते. आदल्या वर्षी याच जागी दोन तास सात मिनिटे झाली होती. उरलेल्या तीन किलोमीटरांचा हिशेब मनात काही केल्या जमेना, म्हणून गणित सोडले आणि धावले.

अशी सावकाश सुरुवात नवख्याने मुद्दाम करावी. त्यासाठी रांगेत अडकण्याची गरज नाही. सुरुवातीला गर्दीच्या मागच्या भागात उभे राहावे, पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा पंधरा-वीस सेकंद हळू जावेत, तिथून पंधरापर्यंत एकसारखे धावावे आणि शिल्लक असेल ते त्यानंतर खर्च करावे. सुरुवातीला वेगाने धावले की स्नायूंतील साठवलेली साखर भराभर जळते आणि तिची उणीव शेवटच्या पाच किलोमीटरांत भासते. सुरुवातीला वाचवलेले एक मिनिट तिथे पाच मिनिटांना विकावे लागते. मागून सुटण्याचे नुकसान नसते, कारण चिप असलेल्या शर्यतीत आपली वेळ आपण कमानीखालची पट्टी ओलांडतो तेव्हापासून मोजली जाते. माझ्या प्रमाणपत्रावर दोन वेळा छापल्या होत्या : बंदुकीच्या आवाजापासूनची २ तास २४ मिनिटे आणि चिपची २ तास १९ मिनिटे ४० सेकंद. मनगटावरच्या घड्याळात अंतर २१.१ ऐवजी २१.४ वगैरे दिसले तर गोंधळू नये. वळणावर आपण बाहेरून जातो आणि उपग्रहाच्या मोजणीतही थोडा फरक असतो.

नंतर

कमान ओलांडल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालावे. अर्ध्या-पाऊण तासात केळे, चणे-गूळ, दूध असे काही पोटात जावे. ओले कपडे लगेच बदलावेत, जानेवारीतली नऊ वाजताची हवाही घामेजलेल्या पाठीला झोंबते. पुढचा आठवडा फक्त चालावे, दुसऱ्या आठवड्यात तीन-चार किलोमीटर सावकाश, आणि तिसऱ्यापासून मग नेहमीचे. लघवीचा रंग चहासारखा काळसर दिसला किंवा स्नायू सुजून कडक झाले, तर घरी न बसता दवाखान्यात जावे.

सोमवारी शाळेच्या तीन पायऱ्या उतरताना मला कठडा धरावा लागला आणि चौथीच्या मुलांनी माझी नक्कल करीत त्याच पायऱ्या दिवसभर तशाच उतरल्या. मधल्या सुट्टीत वही काढली. ६४ समोरचे प्रश्नचिन्ह खोडले. खाली तारीख, २१.१, वेळ आणि ‘थंडी, वारा नाही’ असे लिहिले. दमाच्या रकान्यात काय लिहावे ते बराच वेळ ठरेना, शेवटी पहिल्या पंधरा किलोमीटरांना ‘अ’ आणि उरलेल्या सहांना ‘क’ दिला.